अंगणात आणलेला ऑर्गन

टेबल अंगणात मांडलंय, त्यावर कलिंगड कापून ठेवलंय, टेबलाभोवती घरची माणसं बसलीयेत आणि त्यांच्या मागे घराच्या छपरावर एक गाय उभी आहे. हा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आधी ती गायच दिसली आणि ती वर चढली कशी याचाच विचार करत बसले. नंतर कळलं की ते घर टेकाडाच्या उतारात अर्धं खणून बांधलेलं आहे, मागच्या बाजूने छप्पर आणि माळ जवळजवळ एकाच पातळीला, गाय आपली चरत चरत पुढे आलेली. १८८६ सालचा फोटो. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातली कस्टर काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, सार्जंट गावाजवळ, रॉडिंग नावाचं कुटुंब. फोटो काढणारा सॉलोमन बुचर.

ओमाहाला राहायला येऊन तेव्हा आम्हाला तीन वर्षं झाली होती. नवऱ्याचं ऑफिस, मुलीची शाळा, मला कामाचं परमिट नाही, आणि इथल्या हिवाळ्यात पाच वाजता काळोख. एवढी वर्षं राहूनही नेब्रास्का म्हणजे माझ्यासाठी हायवेच्या दोन्ही बाजूंचा मका एवढंच होतं. मुलीच्या शाळेतून एक प्रोजेक्ट आला, आपल्या राज्यातले जुने लोक कसे राहायचे, त्यासाठी फोटो शोधताना लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर हा संग्रह सापडला. प्रोजेक्ट दोन दिवसांत झाला, मी मात्र पुढचा अख्खा हिवाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा त्यातच होते. ते कसं कसं होत गेलं ते लिहून ठेवायचंय म्हणून हे.

सुरुवातीला मी भराभर बघत सुटले. एका संध्याकाळी साठ-सत्तर फोटो. सगळे सारखेच वाटायला लागले, मातीचं घर, समोर रांगेत कुटुंब, बाजूला घोडे, मागे रिकामं आभाळ. झोपताना एकही चेहरा आठवेना. मग मी नियम केला की दिवसाला एकच फोटो. मोठी टिफ फाइल उतरवून घ्यायची, ती उघडायला वेळ लागतो तर लागू दे, आणि पहिली वीस मिनिटं खालचं नाव-गाव वाचायचं नाही. फोटोचे मनातल्या मनात बारा चौकोन करायचे, डाव्या कोपऱ्यात खालून सुरू करायचं आणि एकेक चौकोन मोठा करून बघायचा. दोनशे पानी वही घेतली, पानाच्या मधोमध रेघ मारली, एका बाजूला लिहिलं दिसतंय, दुसऱ्या बाजूला वाटतंय. ही रेघ मारली हे माझं सगळ्यात चांगलं झालं, कारण पहिल्या महिन्यात जे मी दिसतंय खाली लिहिलं होतं त्यातलं निम्मं नंतर पलीकडे न्यावं लागलं.

उदाहरणार्थ, मी जवळजवळ प्रत्येक पानावर ढगाळ हवा असं लिहिलं होतं, कारण आभाळ पांढरंफेक. एका फोटोत एका बाईच्या टोपीची सावली तिच्या गालावर इतकी धारदार पडलेली दिसली की मी थांबलेच. ढगाळ असेल तर अशी सावली पडेल कशी? मग शोधलं तेव्हा समजलं की त्या काळी फोटो ज्यांवर काढायचे त्या काचेच्या प्लेटींवर निळा रंग फार जोरात उमटायचा आणि लाल जवळजवळ उमटायचाच नाही, त्यामुळे निळंशार आभाळ पांढरं येतं, निळे डोळे फिके, भुतासारखे येतात आणि उन्हाने रापलेली लाल कातडी खूप काळी दिसते. म्हणजे ज्या चेहऱ्यांना मी खंगलेले, आजारी असं लिहून बसले होते ते फक्त शेतात उन्हात राबलेले चेहरे होते. तसंच, कुणी हसत नाही म्हणजे सगळे दुःखी, हेही मी लिहिलं होतं. मग कुत्र्यांकडे लक्ष गेलं. कुत्र्यांना जवळजवळ प्रत्येक फोटोत दीड तोंड असतं, घोड्यांच्या शेपट्यांच्या जागी धूर असतो आणि कडेवरच्या बाळाचा चेहरा पुसल्यासारखा. जो हलला तो पुसला गेला. माणसांना हे माहीत होतं, म्हणून ती तोंड घट्ट मिटून उभी आहेत.

हे सगळं लिहिते आहे कारण पहिले कितीतरी दिवस मला त्या फोटोंत फक्त गरिबी दिसत होती. मला वाटायचं बिचारी माणसं, मातीत राहत होती.

खरं तर मातीचं घर मला नवीन नव्हतं. माझं आजोळ बार्शीकडचं, माळवदाचं घर. लाकडी तुळया म्हणजे सर, त्यांवर आडव्या काटक्या-फळ्यांची किलच आणि वर पांढऱ्या मातीचा सपाट थर, पावसाळ्याच्या आधी नवीन माती टाकून चोपून घ्यायची, नाहीतर गळलंच. मृगाच्या पहिल्या पावसात घरभर पातेली मांडलेली मला आठवतात. कस्टर काउंटीत झाडं जवळजवळ नव्हतीच, ओढ्याकाठी असतील तेवढीच, लाकूड लांबून आणायचं तर पैसे नाहीत, आणि पायाखाली होतं ते हजारो वर्षं न नांगरलेलं गवत ज्याची मुळं मातीत जाळ्यासारखी विणलेली. खास नांगराने त्या मातीचे लांब पट्टे सोलून काढायचे, फावड्याने त्यांचे तुकडे करायचे, एकेक तुकडा तीनेक फूट लांब, फूटभर रुंद, चार इंच जाड, आणि गवताची बाजू खाली करून विटांसारखे रचत जायचं. भिंत दोन-तीन फूट जाड. या घराला सॉडी म्हणायचे, त्या मातीला कौतुकाने नेब्रास्काचा संगमरवर. उन्हाळ्यात आत गार, हिवाळ्यात ऊब, आगीची भीती कमी. पण छप्पर गळायचं, आणि बाहेरचा पाऊस थांबला तरी आत दोन-तीन दिवस ठिबकत राहायचं. माती, किडे, कधी साप डोक्यावर पडू नये म्हणून आतून मांजरपाटासारखं कापड ताणून बांधायचे. जळणाला लाकूड नाही म्हणून मक्याची बुरकुंडं, पिळून बांधलेलं गवत आणि माळावर वाळलेलं शेण. हे वाचलं त्या रात्री आईला फोन केला आणि सांगितलं की अमेरिकेत गोवऱ्या जाळायचे, तर ती म्हणाली, मग काय जाळणार, झाडंच नाहीत म्हणतेस ना. तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही. मलाच नवल वाटलं होतं, आणि आजोळ पाठीशी असून ते का वाटावं याचा मी बरेच दिवस विचार करत होते.

भिंतीची जाडी फोटोत कुठे कळते ते सांगते, खिडकीत. खिडकीची चौकट भिंतीच्या बाहेरच्या कडेला बसवलेली असते, त्यामुळे आत हातभर खोल कट्टा तयार होतो, आणि त्या कट्ट्यावर डब्यात लावलेली फुलझाडं दिसतात. एकदा दिसायला लागली की मग दिसतच राहतात. पाण्याची इतकी मारामार, आणि कुणीतरी त्यातलं तांब्याभर पाणी रोज त्या डब्याला घालत होतं. एका घराच्या दाराजवळ पक्ष्याचा पिंजरा टांगलेला. छपरावर हरणांची शिंगं. मी वाटतंय या बाजूला लिहिलं होतं गरिबी, त्याच्या खाली एका रात्री लिहिलं, यांनी हे सगळं फोटोसाठी ठेवलंय का.

आणि मग हिल्टन कुटुंबाचा फोटो आला.

त्यात घरच नाही. उघड्यावर, गोठ्याच्या अलीकडे, जनावरं मागे दिसतायत आणि मधोमध एक पायपेटीसारखा मोठा ऑर्गन ठेवलाय, चांगला कोरीव, आणि त्याच्याभोवती नवरा-बायको-मुलं. बाईंना आणि थोरल्या मुलीला पूर्वेकडच्या मैत्रिणींना, नातेवाइकांना फोटो पाठवायचा होता. आपल्याकडे ऑर्गन आहे हे त्यांना दिसायला हवं होतं, पण आपण मातीच्या घरात राहतो हे दिसायला नको होतं. म्हणून तो जड ऑर्गन उचलून अंगणात आणला, फोटो काढला आणि परत उचलून आत नेला. 

मला हे वाचून रडू आलं, खरंच सांगते. कारण इथे आल्यावर पहिल्या महिन्यात मी आईला पाठवलेला फोटो माझ्या डोळ्यापुढे आला. आम्ही तेव्हा एका बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो, खिडकी जमिनीच्या पातळीला, आत गादी आणि दोन बॅगा. फोटो मात्र मी काढला होता समोरच्या बागेत, मागे ट्युलिपची फुलं, अंगावर लग्नातली शाल. आईने तो शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवला. मी खोटं काहीच सांगितलं नव्हतं, शाल माझीच होती, फुलं खरीच होती. हिल्टनबाईंचा ऑर्गनही खराच होता.

त्या दिवसापासून मी फोटो उलट्या बाजूने वाचायला लागले. काय नाही यापेक्षा काय बाहेर आणून ठेवलंय ते आधी बघायचं. शिलाई मशीन बाहेर आणलेलं आहे. सगळ्यात चांगली घोड्यांची जोडी, तिचा लगाम धरून थोरला मुलगा. नवीन वॅगन. मेलेल्या माणसाची तसबीर मांडीवर धरलेली. आणि रॉडिंगांच्या टेबलावरचं ते कलिंगड. कोरड्या माळावर आम्ही कलिंगड पिकवलंय, बघा, असं ते सांगतायत, आणि मी एक महिना गाय बघत बसले होते.

बुचरबद्दल पण थोडं सांगायला हवं. हा माणूस १८८० साली बापाबरोबर कस्टर काउंटीत आला, सरकारी जमिनीसाठी नाव घातलं आणि दोन आठवड्यांत कंटाळून सोडून दिलं. शेती त्याच्याने होण्यातली नव्हती. मिनेसोटात डॉक्टरकी शिकायला गेला, तेही सोडलं, लग्न करून परत आला, शाळा शिकवली, पैसे जमवून कॅमेरा घेतला. १८८६ मध्ये त्याने ठरवलं की या अख्ख्या काउंटीचा फोटोंसकट इतिहास करायचा, आणि पुढची सात वर्षं वॅगनमध्ये काचेच्या प्लेटी घालून घरोघर हिंडला, दीड हजारांच्या आसपास फोटो काढले. लोक जेवायला घालायचे, रात्री झोपायला जागा द्यायचे, जमलं तर पैसे. मग दुष्काळ पडले, लोकांकडेच नाही तर पुस्तकाला कोण देणार, काम थांबलं. १८९९ साली त्याच्या घराला आग लागली, लोकांकडून लिहून घेतलेल्या सगळ्या आठवणी जळाल्या, आणि काचेच्या प्लेटी वाचल्या कारण त्या धान्याच्या कोठारात ठेवलेल्या होत्या. पुन्हा सगळं लिहून गोळा केलं, गुरांचे मोठे कळप पाळणाऱ्या एका श्रीमंत रँचवाल्याने पैसे दिले, १९०१ ला पुस्तक आलं. प्लेटी शेवटी राज्याच्या इतिहास संस्थेने घेतल्या. १९२७ ला तो गेला तेव्हा स्वतःला अयशस्वी समजत होता असं म्हणतात. आज त्याच्या तीन हजारांहून जास्त प्लेटी राज्याच्या राजधानीत, लिंकनला, नीट ठेवलेल्या आहेत.

पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही हेही मी शिकले. एक फोटो आहे, तोंडाला फडकी बांधलेली माणसं कुंपणाच्या तारा कापतायत. ब्रायटन रँचने सरकारी जमिनीवरही मैलोन्‌मैल काटेरी तार ठोकली होती, शेतकऱ्यांनी १८८५ ला ती कापली, हा झगडा खरा आहे. फोटो मात्र मागाहून मुद्दाम उभं राहून काढलेला. काही प्लेटींवर तर त्याने हाताने खरवडून नसलेल्या गोष्टी चितारल्यात. म्हणून मग मी दुसरीकडे ताडून बघायला लागले, आणि इथे माझं काम खऱ्या अर्थाने किचकट झालं.

पहिला विचार जनगणनेचा. तर १८९० च्या जनगणनेचे कागद १९२१ साली वॉशिंग्टनच्या आगीत जळाले-भिजले आणि उरलेलेही पुढे जवळजवळ सगळे नष्ट केले गेले. आणि नेमकं हेच दशक कस्टर काउंटीचं, १८८० ला तिथे सव्वादोन हजार माणसं होती आणि १८९० ला साडेएकवीस हजारांच्या वर, म्हणजे घर-घर मोजणारे कागद गेले तेव्हा नेमका हा लोंढाच पुसला गेला. नेब्रास्काने १८८५ ला वेगळी गणना केली होती, ती थोडी कामाला येते. मग जमिनीचे कागद. १८६२ च्या होमस्टेड कायद्यात १६० एकर सरकारी जमीन मिळायची, फी सगळी मिळून अठरा डॉलर, पण पाच वर्षं तिथे राहून, जमीन कसून दाखवायची आणि शेवटी दोन शेजाऱ्यांना साक्षीला उभं करायचं. त्या साक्षीच्या फायली जपलेल्या आहेत. जमीन सहा मैल बाय सहा मैलाच्या चौकोनांत मोजलेली, त्यात छत्तीस तुकडे, एकेका तुकड्याचे चार पाव, त्यातला एक पाव म्हणजे तुमची १६० एकर. नावावरून पाव शोधायचा, पावावरून फाइल. मला पहिली फाइल सापडायला तीन आठवडे लागले कारण आडनावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं.

ती फाइल उघडली तेव्हा मी उठून चहा करून आले आणि मग नीट बसले. सॉड हाउस, सोळा बाय वीस, एक दार, दोन खिडक्या. विहीर एक. गोठा एक. इतके एकर नांगरले. मी स्क्रीनवर शेजारी फोटो उघडला आणि मोजलं, एक दार, दोन खिडक्या. बाजूला गोठा, तोही होता. विहीर दिसेना. मग एका चौकोनात जमिनीलगत लाकडी चौकट आणि तिच्यावर पालथी घातलेली बादली दिसली. ती बादली मी आधी दोनदा बघितली होती आणि दोन्ही वेळा नुसतं बादली असं लिहून पुढे गेले होते.

क्रिसमन बहिणींचा फोटो बऱ्याच लोकांनी पाहिला असेल, चार बहिणी मातीच्या घरासमोर उभ्या, १८८६. तो बघताना मला वाटायचं चार शूर मुली, बास. कागद वाचल्यावर वेगळीच गोष्ट कळली. बिनलग्नाच्या बाईला एकवीस पूर्ण असतील तर स्वतःच्या नावावर जमीन घेता यायची. लिझीने १८८७ ला घेतली, लुटीने पुढच्या वर्षी, हॅटीला वय पूर्ण व्हायला १८९२ उजाडलं. बहिणी आळीपाळीने एकमेकींच्या घरात जाऊन राहायच्या म्हणजे मुक्कामाची अट पण पुरी होते आणि माळावर एकटीला रात्र काढावी लागत नाही. आणि सगळ्यात धाकटी रूथ मोठी होईपर्यंत आसपास घ्यायला जमीनच उरली नाही. आता मी तो फोटो उघडला की आधी रूथ कुठली ते बघते. मला माझ्या आईची आठवण येते, तिचा आणि मावशीचा सातबाऱ्यावर कधी विचारच झाला नाही, दोघींनी हक्कसोड करून दिली आणि साडी घेऊन परत आल्या.

वेस्टरव्हिलजवळचं शोअर्स कुटुंब, १८८७. जेरी शोअर्स गुलामगिरीत जन्मलेला माणूस. जवळच राहणारा मोझेस स्पीस हा त्याचा सख्खा भाऊ, पण आडनावं वेगळी, कारण दोघांना दोन वेगवेगळ्या मालकांची नावं लागली. हे कळल्यावर मी दोन्ही कुटुंबांचे फोटो शेजारी शेजारी लावून कपाळं, कान, बसायची ढब असं किती वेळ बघत होते. गुलाम म्हणून जन्मलेला माणूस, आणि त्याच्या मागे स्वतःची भिंत, स्वतःची जमीन.

आणि एक गोष्ट कुठल्याच चौकोनात सापडत नाही. मी या फोटोंना मनातल्या मनात रिकामा माळ, रिकामा माळ म्हणत होते. लूप नदीच्या काठाने पॉनी लोकांची वस्ती होती, मका पिकवणारे लोक, लाकडी सांगाड्यावर माती लिंपलेली गोल मोठी घरं बांधणारे. १८५७ च्या तहाने त्यांची बहुतेक जमीन गेली, आणि १८७४-७५ च्या सुमाराला त्यांना दक्षिणेला आज जे ओक्लाहोमा आहे तिकडे जावं लागलं. कस्टर काउंटी स्थापन झाली १८७७ ला. मध्ये फक्त दोन-तीन वर्षं. त्या माळावर मातीची घरं बांधणारे बुचरच्या फोटोतले लोक पहिले नव्हते. हे समजल्यावर मी वहीतल्या मागच्या पानांवर जाऊन रिकामा हा शब्द जिथे जिथे होता तिथे तिथे खोडला, चौदा वेळा होता.

हिवाळाही सापडत नाही. मी पाहिलेले जवळजवळ सगळे फोटो गवत हिरवं असतानाचे, कारण वॅगन घेऊन फिरायचं तर वाट हवी. १२ जानेवारी १८८८ ला सकाळी बरी हवा होती म्हणून मुलं पातळ कपड्यांत शाळेत गेली आणि अचानक असं हिमवादळ आलं की नेब्रास्का-डाकोटा मिळून दोनशेहून जास्त माणसं गेली, त्यात कितीतरी शाळकरी पोरं. १८८६-८७ च्या फोटोंत रांगेत उभी असलेली लहान मुलं बघताना हे माहीत असणं फार जड जातं. मी तेव्हा दोन दिवस वही उघडलीच नाही.

जूनमध्ये आम्ही कस्टर काउंटीतल्या ब्रोकन बो गावाला गेलो. ओमाहापासून दोनशेहून जास्त मैल, ग्रँड आयलंडपर्यंत मोठा हायवे, मग दोन नंबरचा रस्ता, बाजूने रेल्वे, कोळशाच्या मालगाड्या इतक्या लांब की मुलगी डबे मोजता मोजता झोपली. मी समजत होते नेब्रास्का सपाट आहे. तिथे टेकाडंच टेकाडं. गावात म्युझियम पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी फाइलमधला तो पाव शोधत खडीच्या रस्त्यावर गेलो. मी फोटो मोठ्या कागदावर छापून नेला होता. घर तर राहणार नव्हतंच, मला हवी होती मागची टेकडीची रेघ. छापील कागद हातभर पुढे धरून रस्त्यावर मागे-पुढे चालत होते, नवरा गाडी बाजूला लावून थांबलेला, आणि एका ठिकाणी डावीकडचा उतार आणि मधली खाच दोन्ही बरोबर बसली. तिथे मका होता, गुडघाभर, मध्ये पाणी मारायचं ते लांबलचक चाकांचं यंत्र.

एक म्हातारे शेतकरी पिकअप थांबवून विचारायला आले की रस्ता चुकलात का. मी कागद दाखवला. त्यांनी चष्मा काढून कागद डोळ्याजवळ नेला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, तिथे एक उंचवटा होता, आम्ही लहान असताना वडील तिथून नांगर उचलून न्यायचे, मग तोही बसला. त्यांनी मला कुंपणाच्या पलीकडचा एक तुकडा दाखवला जो उतारामुळे कधीच नांगरला गेला नव्हता. मी तिथे बसून फुटक्या कडेची माती हाताने तोडायचा प्रयत्न केला. तुटेना. मुळंच मुळं, केसांसारखी, मातीपेक्षा मुळंच जास्त. वीट म्हणजे काय ते मला तेव्हा हाताला कळलं.

परत आल्यावर मामाला फोन करून आजोळचा फोटो मागितला. आमच्याकडे त्या घराचा एकच फोटो आहे, साठच्या दशकातला, विहिरीवर किर्लोस्करचं ऑइल इंजिन घेतलं तेव्हा बार्शीहून फोटोवाला बोलावला होता. विहिरीवर नेण्याआधी ते इंजिन वाड्यासमोर आणून ठेवलंय, त्याला हार, कुंकू, बाजूला आजोबा फेटा बांधून, दोन मामा, गडी आणि बैलजोडी. आई नेहमी म्हणते की आजीचा एकही फोटो नाही. मामाच्या मुलाने तालुक्याला जाऊन चांगला मोठा स्कॅन करून पाठवला. मी माझ्या सवयीने डाव्या कोपऱ्यात खालून सुरुवात केली. नवव्या चौकोनात दार आलं, दारात नुसता काळोख. इथल्या फोटोंना करते तसा काळोख हळूहळू उजळत नेला. दाराच्या चौकटीवर एक हात दिसला. कोपरापर्यंत, मनगटात दाट बांगड्या, बोटं चौकटीला धरलेली, बाकी सगळी आत.

तो तुकडा कापून मी घरच्या ग्रुपवर टाकला. आई म्हणते आईचाच हात, ती अशीच दाराआड उभी राहायची. मामा म्हणतो अगं नाही, त्या दिवशी पुरणावरणाचा स्वयंपाक होता, आई चुलीपुढे असणार, ती शेजारची कुणीतरी आहे. मावशी म्हणते तुमच्या दोघांचं राहू दे, अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग दिसतो का ते बघायला सांग. मी त्या जागी जितकं मोठं करता येईल तितकं केलंय, तिथे काहीतरी गडद आहे. मामाच्या मुलाला सांगितलंय की मूळ फोटो काचेच्या फ्रेममधून बाहेर काढून पुन्हा स्कॅन कर, तो रविवारी जाणार आहे.